‘हे बरोबर नाही’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो?

आमच्या शेजारच्या अक्का गेली तीस-पस्तीस वर्षं बिड्या वळतात. सोलापूरच्या पूर्व भागात यात नवल काही नाही. गल्लीत दर दोन-चार घरांआड मांडीवर सूप घेऊन दारात कुणीतरी बसलेलं असतंच. पान भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, टोक दुमडायचं. अशा हजार बिड्या झाल्या की दिवस भरला. मग त्या कारखान्यात न्यायच्या. तिथं तपासणारा माणूस एकेक बंडल हातात घेतो, उलटसुलट करतो आणि नापसंत बिड्या बाजूला काढतो. त्याला म्हणतात ‘छाट’. छाट निघालेल्या बिड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि अक्कांच्या कारखान्यात त्या परतही देत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी अक्का कारखान्यातून परतल्या त्या थेट आमच्या ओट्यावर येऊन टेकल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी दोन बिड्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. एक पसंत झालेली, एक छाटीच्या ढिगातून उचललेली. “सर, तुम्हीच बघा. ह्यात वाईट कुठली?” मी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. जाडी सारखी, लांबी सारखी, दोरा दोन्हींचा घट्ट. मला काही सांगता येईना. “आज साठ काढल्या,” अक्का म्हणाल्या, “हे बरोबर नाही, सर.”

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्द दिवसभर माझ्या तोंडी असतात. त्या रात्री अक्कांचं वाक्य डोक्यातून जाईना. ‘मला हे आवडलं नाही’ असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ‘माझं नुकसान झालं’ असंही नाही, नुकसान तर झालंच होतं. त्या म्हणत होत्या की इथं काहीतरी चुकलंय, आणि ते त्यांना चुकीचं वाटो किंवा न वाटो, चुकलेलंच आहे. असं म्हणण्याला काही आधार आहे का? की ‘बरोबर नाही’ म्हणजे ‘मला आवडत नाही’चाच जरा जोरात काढलेला आवाज? माणसं हा वाद दोन-अडीच हजार वर्षं घालतायत. तो माझ्या कुवतीप्रमाणे सोपा करून मांडतो, आणि माझं मत कुठं पडतं तेही सांगतो.

आधी तीन खण करू. उजनी धरणात आज पाणी किती, हे कुणाच्या मतावर ठरत नाही. सगळ्या सोलापूरनं हात वर करून ‘धरण भरलं’ म्हटलं तरी नळाला पाणी वाढणार नाही. अशा गोष्टीला वस्तुनिष्ठ म्हणतात. शेंगाचटणी कडक भाकरीबरोबर चांगली लागते की मऊ भाकरीबरोबर, याचं उत्तर प्रत्येकाच्या जिभेवर. तुमचं-माझं जमलं नाही तरी दोघांपैकी कुणी चुकत नाही. हे व्यक्तिनिष्ठ. आणि या दोहोंच्या मध्ये एक खण आहे, तो बहुतेक जण विसरतात. पाचशेच्या नोटेची किंमत कागदात नसते. सगळे मानतात म्हणून असते, आणि 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री ती जुन्या नोटांतून कशी निघून गेली हे आपण पाहिलंय. पण ती तुमच्या एकट्याच्या मानण्यावरही नसते. याला समाजनिष्ठ म्हणू. रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवणं त्याच खणातलं.

आता अक्कांचा ‘अन्याय’ कुठल्या खणात ठेवायचा?

पहिला खण नकोच असं म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही, म्हणून ती आधी नीट ऐकू. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं एक गोष्ट लिहून ठेवली आहे. इराणचा सम्राट दरायस यानं आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही वडिलांचं प्रेत खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्यानं कॅलाशियन नावाच्या भारतीय लोकांना बोलावलं. त्यांच्यात मेलेल्या आईबापांचं मांस खाण्याची रीत होती, असं हेरोडोटस सांगतो. किती पैसे दिले तर वडिलांना जाळाल, असं त्यांना विचारल्यावर ते ओरडलेच की असलं अभद्र बोलू नका. रूढी हीच सगळ्यांची राणी, असा निष्कर्ष हेरोडोटस काढतो.

आपल्याला एवढं लांब जायला नको. सोलापुरात एकाच आळीत एका घरचं माणूस गेलं की जाळतात, लिंगायत घरात बसवून समाधी देतात, मुसलमान घरात दफन करतात. मामाच्या मुलीशी लग्न हे इथल्या कितीतरी मराठी, कानडी आणि तेलुगू घरांत हौसेनं होतं. काही तेलुगू-कानडी घरांत तर मामा-भाचीचंही होतं. माझ्याबरोबर शिकवायला उत्तरेकडचे एक सर होते. त्यांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंही ही नाती वर्ज्य धरली आणि लगेच पुढं म्हटलं की दोन्हीकडे तशी रूढी असेल तर चालेल. म्हणजे कायद्यानंच कबूल केलं की इथं बरोबर-चूक रूढीवर आहे.

आपल्या परंपरेतही हा आवाज आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपस्तंबानं धर्मसूत्रात म्हटलंय की धर्म आणि अधर्म ‘हे पाहा आम्ही’ असं सांगत फिरत नाहीत, आणि देव, गंधर्व, पितर यांपैकीही कुणी येऊन ‘हा धर्म, हा अधर्म’ असं सांगत नाही. इथपर्यंत वाचताना अंगावर काटा येतो, इतकं ते प्रामाणिक आहे. पुढच्याच सूत्रात मात्र तो म्हणतो की आर्य लोक ज्याची वाखाणणी करतात तो धर्म आणि ज्याची निंदा करतात तो अधर्म. म्हणजे गाडी तिसऱ्या, समाजनिष्ठ खणात जाऊन थांबली. आणि ‘वाखाणणारे कोण’ हे आधीच ठरवून टाकलेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

युरोपात 1740 साली डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं एक बारीक मुद्दा काढला. लोक ‘आहे’, ‘नाही’ अशी वाक्यं बोलत असतात आणि मध्येच कधी ‘पाहिजे’, ‘नको’वर उडी मारतात ते कळतच नाही. अक्कांच्या धंद्याचंच घ्या. तंबाखूनं फुप्फुसं खराब होतात, हे ‘आहे’. म्हणून बिडी कारखाने बंद झाले पाहिजेत, हे ‘पाहिजे’. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये एक फळी टाकावी लागते: ‘ज्यानं आजार होतो ते बनवू नये.’ ती फळी कुठून आणली? आणि शेजारी दुसरी फळीही पडलेलीच आहे: ‘हजारो बायकांची चूल ज्यावर पेटते ते एका फटक्यात बंद करू नये.’ नुसती वस्तुस्थिती कितीही गोळा केली तरी यातली कुठली फळी घ्यायची ते ती सांगत नाही. ह्यूमचा हा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही.

1871 मध्ये डार्विननं याला जीवशास्त्राची बाजू दिली. त्यानं लिहिलं की माणसं मधमाश्यांसारख्या पोळ्यात वाढली असती, तर अविवाहित स्त्रियांना कामकरी माश्यांसारखं आपल्या भावांना मारणं पवित्र कर्तव्य वाटलं असतं, आणि कुणी हस्तक्षेप करायचं मनातही आणलं नसतं. म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी ही आपल्या प्राणिजातीची सवय. आणि 1977 मध्ये ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी विचारलं, जगात अणू आहेत, डोंगर आहेत, पण ‘चांगुलपणा’ नावाची वस्तू कुठं ठेवलीय? ती कुठल्या इंद्रियाला दिसते? अशी वस्तू असेल तर ती विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंहून फारच विचित्र असणार.

सगळ्यांत पुढं गेला तो इंग्रज तत्त्वज्ञ ए. जे. एअर. 1936 मध्ये, पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना, त्यानं म्हटलं की ‘चोरी वाईट आहे’ या वाक्यात खरं-खोटं असं काही नसतंच. ते ‘चोरी, छी!’ असं म्हणण्यासारखं आहे. नुसता उद्गार.

एअरचा जन्म लंडनमधला, ऑक्टोबर 1910. त्याच महिन्यात, 10 तारखेला, सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस जन्मले. 1938 मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक धाडलं, त्यात ते गेले, आणि ज्यांची भाषा येत नव्हती त्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत 1942 च्या डिसेंबरात, 32 व्या वर्षी, तिथंच वारले. मी मुलांना घेऊन त्यांच्या स्मारकात जातो तेव्हा हटकून एअरची आठवण होते. कोटणीसांनी केलं ते ‘चांगलं’ होतं, असं म्हणताना मी खरंच फक्त एक उद्गार काढतोय? पण यावरून एअरला वाईट माणूस ठरवू नका. नाझींविरुद्धच्या लढाईत तोही उतरला होता. नीतीला उद्गार म्हणणारा माणूस स्वतः नीतीनं वागत नाही असं अजिबात नाही. हा वाद कोण चांगलं वागतो याचा नाही, ‘चांगलं’ हा शब्द कशावर उभा आहे याचा आहे.

आता माझी अडचण सांगतो. ती एका तारेच्या कुंपणाची आहे.

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटलं की कुठलाही रिक्षावाला नेऊन सोडतो. पत्ता म्हणून आपण तो शब्द इतका वापरतो की त्यात काय भरलंय ते विसरतो. ज्या 1871 साली डार्विननं मधमाश्यांचं लिहिलं, त्याच साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार असतात, असं त्या कायद्याचं गृहीतक. पुढं त्यात भर पडत गेली आणि त्या जमातींतल्या कुटुंबांना वसाहतींत आणून ठेवायला सुरुवात झाली. सोलापूरची वसाहत अशीच उभी राहिली. पारधी, कैकाडी आणि अशा कितीतरी समाजांची माणसं तारेच्या आत राहत. कुणी गुन्हा केलाय का, हा प्रश्नच नव्हता. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा, गिरणीत कामाला जायचं आणि परत आत यायचं. आत जन्मलेलं मूल डोळे उघडायच्या आधी सरकारी कागदावर गुन्हेगार जमातीचं झालेलं असे. हे 1952 च्या ऑगस्टपर्यंत चाललं. देश स्वतंत्र झाल्यानंतरही पाच वर्षं. म्हणून 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन.

या कायद्याला त्या काळच्या ‘समाजाची’ मान्यता होती का? राज्यकर्त्यांची होती. गावातल्या पुष्कळ प्रतिष्ठितांची होती. पेपर वाचणाऱ्या, कर भरणाऱ्या, सभ्य माणसांना कुंपण योग्यच वाटत होतं, सुरक्षित वाटत होतं. आता नीती जर तिसऱ्या खणात असेल, समाज मानतो तेच बरोबर असेल, तर 1930 मध्ये ते कुंपण बरोबर होतं. चुकीचं नव्हतंच. 1952 मध्ये मत बदललं आणि त्या दिवसापासून ते चुकीचं झालं, जशी जुनी नोट एका रात्रीत रद्द झाली तशी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, 1930 मध्ये कुंपणाच्या आत बसलेल्या ज्या बाईला कळत होतं की ‘हे बरोबर नाही’, ती या हिशेबानं चुकत होती. समाजाचं मत एक, तिचं वेगळं, म्हणून ती चूक.

इथं माझा पाय अडतो. त्या बाईला काहीतरी दिसत होतं आणि बाहेरच्या सगळ्या शहाण्या माणसांना ते दिसत नव्हतं, असंच मला म्हणावं लागतं. दुसऱ्या कुठल्याही शब्दांत ते सांगता येत नाही.

सापेक्षतावादी, म्हणजे बरोबर-चूक ज्या त्या समाजावर ठरतं असं मानणारा, यावर म्हणेल, ‘थांबा, तो समाज कुठला? कुंपणाच्या आतल्यांचाही एक समाज होताच.’ बरोबर आहे. पण मग प्रत्येक गटाचं स्वतःचं बरोबर, आणि दोन गटांत वाद झाला की ज्याच्या हातात तार आणि खांब त्याचं चालणार. आपस्तंबाच्या सूत्रातला तोच प्रश्न परत आला: वाखाणणारे कोण? निंदा करणारे कोण? ज्याची निंदा होते त्याला त्या सभेत कधी बसवलंय का?

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. कायद्याचा पाया नुसत्या नीतीवर नव्हता, एका माहितीवर होता, आणि ती माहिती खोटी होती. गुन्हेगारी जमातीत जन्मानं उतरते हे खोटं. ही फळी काढली की कुंपणाचं समर्थन कोसळतं. मला वाटतं, ज्यांना आपण नीतीतले मतभेद समजतो त्यातले निम्मेअधिक असे माहितीतले मतभेद असतात. दरायसच्या दरबारातही तसंच. ग्रीक जाळत होते, ते भारतीय खात होते, पण दोघंही वडिलांचा मान राखत होते. मान कशात, हे वेगळं. मान राखावा, हे तेच. सोलापुरातली समाधी, चिता आणि कबर यांचंही तेच. वर-वरचं वेगळेपण बघून ‘नीती सगळी ज्याची त्याची’ म्हणणं म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू ऐकून ‘प्रत्येकजण वेगळंच काहीतरी बोलतोय’ म्हणण्यासारखं आहे. चौघंही कदाचित ‘पाणी कधी येणार’ हेच विचारत असतील.

आजकाल एक वाक्य फार ऐकू येतं: ‘नीती ज्याची त्याची, म्हणून कुणाला नावं ठेवू नयेत.’ हेतू चांगला आहे, पण वाक्य आतून फाटलेलं आहे. ‘नावं ठेवू नयेत’ हा कुणासाठी नियम? सगळ्यांसाठी. म्हणजे एक तरी मूल्य सगळ्यांना लागू आहे हे बोलणाऱ्यानं मान्य केलंच. ज्या समाजाला असहिष्णुताच पवित्र वाटते, त्याला तुम्ही काय सांगणार? सहिष्णुता खरोखर चांगली आहे असं म्हणायचं असेल, तर ‘सगळं सापेक्ष’ म्हणता येत नाही. ही ओढाताण इतिहासात लेखी नोंदलेली आहे. 1947 मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं शंका काढली होती की एकच मापदंड सगळ्या संस्कृतींना कसा लावणार, हा पाश्चात्त्यांचा मापदंड तर नाही ना. शंका रास्तच होती, वसाहतवाल्यांनी ‘सुधारणे’च्या नावाखाली काय केलं ते सेटलमेंटमध्ये दिसतंच. पण त्या मसुद्यावर काम करणाऱ्यांत भारताच्या हंसा मेहता होत्या. पहिल्या कलमातले ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होणारे शब्द बदलून ‘सर्व मानव’ करायला त्यांनी लावलं. 10 डिसेंबर 1948 ला जाहीरनामा मंजूर झाला, विरोधात एकही मत पडलं नाही, आठ देश तटस्थ राहिले. आणि 1999 मध्ये त्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनंही मानवी हक्कांना पाठिंबा देणारी भूमिका घेतली.

रूढी आणि नीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मोठ्यांना समजावून सांगावं लागतं. लहान मुलांना नाही. एलियट ट्युरिएल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलं आहे. मी ते माझ्या पुतणीवर करून पाहिलं. ती तेव्हा मोठ्या शिशुत होती.

“शाळेत गणवेश घातला नाही तर चालेल का?”

“नाही. बाई रागावतात.”

“आणि बाईच म्हणाल्या, उद्यापासून गणवेश नको, तर?”

“मग चालेल की.”

“बरं. शेजारच्या मुलाला चिमटा काढला तर?”

“नाही काढायचा.”

“पण बाईच म्हणाल्या, काढा चिमटे, तर?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन अधिक दोन पाच म्हणालो होतो. “काका, त्याला लागेल ना.”

ट्युरिएलच्या अभ्यासात अगदी लहान मुलंही साधारण अशीच उत्तरं देतात. गणवेश बाईंच्या हातात आहे. ‘लागणं’ बाईंच्या हातात नाही. माझ्या मते या साडेचार वर्षांच्या वाक्यात अख्ख्या वादाची किल्ली आहे, पण ती फिरवण्याआधी वस्तुनिष्ठ बाजूबद्दलचे दोन गैरसमज काढून टाकू, कारण त्यांच्यामुळेच पुष्कळ लोक त्या बाजूला जायला बिचकतात.

पहिला असा की वस्तुनिष्ठ म्हणजे देवानं दिलेलं. श्रद्धा असणाऱ्यांना हे सोपं वाटतं, पण प्लेटोनं सॉक्रेटिसच्या तोंडून विचारलेला प्रश्न अजून तिथंच आहे: देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? पहिलं मानलं तर देवाच्या आवडीलाही कारण उरत नाही. दुसरं मानलं तर चांगुलपणा देवाच्या आधीपासून उभा आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांना हात जोडणारा माणूस आणि देव न मानणारा माणूस ‘फसवू नये’ यावर एकमत होऊ शकतात. ते होतातही, रोज.

दुसरा गैरसमज असा की वस्तुनिष्ठ म्हणजे अपवाद नसलेला नियम. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कधी खोटं बोलायचं नाही, हे कौशिकाचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं रानात शिरतात. दरोडेखोर येऊन विचारतात आणि कौशिक खरं ते सांगतो. माणसं मारली जातात आणि सत्यवादी कौशिक नरकात जातो. 1797 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटसमोर जवळजवळ हाच प्रश्न आला, दाराशी खुनी आला तरी खोटं बोलायचं नाही का? कांट म्हणाला, नाही. या एका बाबतीत मी कांटच्या विरुद्ध आणि कृष्णाच्या बाजूनं आहे. डॉक्टर एकाची साखर बंद करतो आणि दुसऱ्याला साखरपाणी पाजतो, म्हणून औषधशास्त्र ‘ज्याचं त्याचं’ होत नाही. प्रसंग बदलला की उत्तर बदलतं. पण त्या प्रसंगात त्या रोग्याला काय दिलं पाहिजे, हे डॉक्टरच्या आवडीवर नसतं.

औषधाचा विषय निघालाच आहे तर माझं मत विषावरून सांगतो. जगात एकही सजीव शरीर नसतं तर ‘विष’ ही गोष्ट नसती. काही रसायनं असती, बस. म्हणजे मॅकी म्हणतात ते खरं, विषारीपणा ही दगडासारखी सुटी वस्तू नाही, ती शरीरांच्या संबंधानंच असते. पण म्हणून काय विषारी आणि काय नाही हे मतावर ठरतं का? अख्ख्या गावानं ठराव केला तरी कीटकनाशक पिण्याजोगं होत नाही. अन्यायाचं मला असंच वाटतं. ज्यांना दुखतं, ज्यांना अपमान कळतो, जे उद्याची वाट बघतात आणि एकमेकांना कारणं विचारू शकतात, असे जीव नसते तर अन्यायही नसता. ते आहेत, म्हणून तो आहे, आणि तो कुणाच्या मानण्या-न मानण्यानं पुसला जात नाही. कुंपणातल्या त्या बाईला जे दिसत होतं ते आकाशात नव्हतं. ते तिच्या हजेरीच्या कागदावर होतं.

डार्विनलाही याच वाटेनं उत्तर देता येईल. भूक, नाती, शरीर वेगळं असतं तर नियमही वेगळे निघाले असते, हे मान्य. पण नीती कळण्याची क्षमता उत्क्रांतीतून आली म्हणून नीती खोटी ठरत नाही. मोजता येण्याची क्षमताही तिथूनच आली. त्यामुळे पाढे काही बदलत नाहीत.

ह्यूमच्या फळीचं मात्र मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. ‘दुखतं’ यावरून ‘दुखवू नये’ इथवर यायला एक पाऊल टाकावंच लागतं. ते पाऊल सिद्ध करता येत नाही, जशी भूमितीतली गृहीतकं सिद्ध करता येत नाहीत. फक्त ते पाऊल न टाकणारा माणूस स्वतःला दुखल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करणार, एवढं विचारता येतं.

2020 साली व्यावसायिक तत्त्वज्ञांची एक मोठी पाहणी झाली. त्यात सुमारे 62 टक्क्यांचा कल नैतिक सत्य असतं या बाजूला होता, सुमारे 26 टक्क्यांचा विरुद्ध बाजूला. मतदानानं हा प्रश्न सुटत नाही हे उघडच आहे. पण शिकलेली माणसं सगळी सापेक्षतावादी असतात, असा जो समज आहे तो खरा नाही, एवढ्यासाठी आकडे दिले.

आणि वस्तुनिष्ठ आहे म्हणजे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार आहे असंही नाही. मामाच्या मुलीशी लग्नाचा प्रश्न बऱ्याच अंशी रूढीचाच आहे, मुलीला विचारलंय की नाही हा भाग सोडून. तो भाग रूढीचा नाही. मी मटण खातो, आणि जनावराला दुखतं हे मला माहीत आहे. माझ्याच विषाच्या दाखल्यानं माझ्यासमोर जो प्रश्न उभा राहतो त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. बिडीच्या धंद्याचं काय व्हावं, तेही नाही. गणितात न सुटलेली उदाहरणं असतात, म्हणून सुटलेली खोटी ठरत नाहीत.

आठवड्यानं अक्का परत आल्या. त्यांनी तपासणाऱ्या पोराला विचारलं होतं, “ही तुझ्या आईनं वळली असती तर काढली असतीस का रे?” तो ‘हे तुमचं मत’ असं म्हणाला नाही. ‘मला असंच आवडतं’ असंही म्हणाला नाही. खाली बघून म्हणाला, “अक्का, मला वरून सांगितलंय.” त्या दिवशी छाट निघाली अठ्ठावन्न. अक्कांनी नातवाकडून वहीत तारखेसकट लिहून घेतली होती.

“वरच्यांना अर्ज लिहून द्या, सर.”

मी कागद घेतला आणि सवयीनं ‘आपणांस नम्र विनंती की’ अशी सुरुवात केली. अक्कांना तेलुगू वाचता येतं, मराठी नाही, म्हणून वाचून दाखवलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

“विनंती कशाला? दोन बिड्या शेजारी ठेवा आणि फरक दाखवा म्हणून लिहा. मोजून दाखवा म्हणा.”

मी ती ओळ खोडली.